उलगड्याआधी पुस्तक मिटा

अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्या वाचलेली माणसं मला पुष्कळ भेटतात. बर्फात अडकलेली आगगाडी, बेटावरचे दहाजण, नाईल नदीतली बोट, सगळं त्यांना पाठ असतं. पण तिच्या कथांचा विषय काढला की उत्साह मावळतो. "वाचल्या होत्या काही, पण रंगत नाही आली. सुरू होते न होते तोच संपते," असं म्हणतात. जरा खोदून विचारलं की कळतं, संग्रह आणला होता आणि रविवारी जेवण झाल्यावर आडवं होऊन एका दमात संपवला होता. बारा कथा, बारा पेच, बारा उलगडे. सोमवारी सकाळी त्यातला एकही धड आठवत नव्हता.

दोष कथांचा नाही, वाचण्याच्या रीतीचा आहे. मीही कितीतरी वर्षं असंच वाचत होते आणि तेवढी वर्षं एका मोठ्या आनंदाला मुकले. म्हणून कळकळीने सांगते. ख्रिस्तीची कथा एका दिवशी एकच वाचा. जमल्यास घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. आणि उलगडा सुरू व्हायच्या आधी पुस्तक मिटा.

ही रीत माझ्या डोक्यातून निघालेली नाही. ख्रिस्तीनेच ती एका पुस्तकात दाखवून ठेवली आहे. 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' हा तिचा संग्रह 1932 साली आला. त्यातल्या पहिल्या सहा कथा त्याआधी 'रॉयल मॅगझिन' या मासिकात डिसेंबर 1927 पासून दर महिन्याला एक अशा छापून आल्या होत्या. म्हणजे तेव्हाच्या वाचकाला दोन कथांमध्ये महिनाभर मिळायचा. तिचा गुप्तहेर हर्क्युल पॉयरो याच्या सुरुवातीच्या कथा 1923 साली 'द स्केच' या साप्ताहिकात आल्या, तिथेही दोन कथांमध्ये दिवस जायचे. या कथा लिहिल्या गेल्या त्याच मुळी एकेकट्या वाचण्यासाठी. पुढे त्या एका पुस्तकात शेजारी शेजारी बांधल्या गेल्या आणि आपण त्या शेंगदाण्यासारख्या एकामागून एक तोंडात टाकू लागलो.

'थर्टीन प्रॉब्लेम्स'ची मांडणी बघा. सेंट मेरी मीड नावाच्या इंग्लंडमधल्या लहानशा गावात मिस मार्पल या वयस्कर, अविवाहित बाईंच्या घरी सहाजण जमले आहेत. बाईंचा लेखक भाचा रेमंड, चित्रकार जॉइस, धर्मोपदेशक डॉक्टर पेंडर, पेथरिक नावाचे वकील आणि स्कॉटलंड यार्डच्या प्रमुखपदावरून नुकतेच उतरलेले सर हेन्री. ठरतं असं की दर मंगळवारी जमायचं, प्रत्येकाने आळीपाळीने स्वतःला ठाऊक असलेलं एक खरं कोडं सांगायचं आणि बाकीच्यांनी ते सोडवायचं. सांगणाऱ्याला उत्तर माहीत असतं. त्याचं सांगून झालं की तो थांबतो. मग प्रत्येकजण आपापला तर्क सांगतो आणि त्यानंतरच खरं काय ते कळतं. ख्रिस्तीने वाचकाला बसायला खुर्ची मांडून ठेवली आहे, आणि आपण धावत तिच्या शेजारून निघून जातो.

त्या पहिल्या कथेतली एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. क्लबची कल्पना निघाल्यावर जॉइस जमलेली माणसं मोजते, तर पाचच भरतात. आणखी एकजण हवा होता असं ती म्हणते. शेकोटीजवळ काळ्या पोशाखात, पांढरं मऊसं काहीतरी विणत बसलेली घरची मालकीण तिच्या मोजणीतच येत नाही. बाईंना स्वतःच आठवण करून द्यावी लागते की मीही आहे. मिस मार्पल वाचकांसमोर आली ती याच कथेतून, आणि आली ती अशी, मोजणीतून सुटलेली. ख्रिस्तीची सगळी कारागिरी त्या एका प्रसंगात आहे. सुगावा ती सहसा लपवत नाही. तो भर उजेडात, सगळ्यांच्या देखत ठेवते आणि आपलं लक्ष मोजायला दुसरीकडे लावते.

मला हे नीट उमगलं ते आईमुळे. मागल्या पावसाळ्यात आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या दिवसांच्या अंतराने झाली. दिवसातून कितीदा तरी थेंब, बाहेर काळा चष्मा, आणि वाचन बंद. आईला दुपारी झोपायची सवय नाही. दोन दिवसांतच ती कातावली. मी तिला काहीतरी वाचून दाखवायचं म्हणून हाताला लागेल ते पुस्तक उचललं, ते नेमकं 'थर्टीन प्रॉब्लेम्स' निघालं. पुस्तक इंग्रजी, म्हणून मी एकेक परिच्छेद मनात वाचून मराठीत सांगत गेले. कथा सांगायला पाऊण तास लागला. हीच कथा मी पूर्वी दहा मिनिटांत संपवली होती.

ती 'द ट्यूझडे नाइट क्लब' ही पहिलीच कथा होती. नवरा, बायको आणि बायकोची सोबतीण अशी तिघं रात्रीचं जेवतात. डबाबंद लॉबस्टर, सॅलड, ट्रायफल म्हणजे केक आणि कस्टर्डच्या थरांचं गोड, शिवाय पाव आणि चीज. रात्री तिघंही आजारी पडतात, दोघं वाचतात, बायको जाते. आधी सगळे शिळ्या लॉबस्टरवर खापर फोडतात. पुढे कळतं की पोटात आर्सेनिक गेलं होतं. सर हेन्री सांगायचे थांबले तिथे मीही थांबले आणि आईला विचारलं, "कुणी केलं असेल?"

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जेवणाचं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तिने एकेक पदार्थावर मला थांबवलं. हे कुणी केलं, हे कुणी वाढलं, याच्यावर काय घालतात, हे उरलं तर कुठे ठेवतात. अकरा माणसांचा स्वयंपाक जन्मभर केलेल्या बाईचे प्रश्न होते ते. मला त्यातला एकही सुचला नव्हता. माझं लक्ष नवऱ्याच्या लफड्यावर आणि पैशांवर होतं, क्लबातल्या बाकीच्यांचं होतं तसंच. आईने जे उत्तर दिलं ते निम्मं बरोबर निघालं. कोणतं निम्मं ते सांगणार नाही. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की ही कथा विषाची नाही, पोलिसांचीही नाही. घर कसं चालतं हे कुणाला ठाऊक असतं, याची ती कथा आहे.

मोठ्याने वाचायला सांगते त्याचं कारण हे. डोळे ओळींवरून घसरतात. जेवणाची यादी आली, फर्निचरचं वर्णन आलं, मोलकरणीचं रडणं आलं की डोळे ते ओलांडून पुढे जातात, कारण आपल्याला खून हवा असतो. जिभेला तसं पुढे जाता येत नाही. कादंबरीत लेखकाकडे अडीचशे पानं असतात, दहा संशयित असतात, त्यामुळे थोडं ओलांडलं तरी चालून जातं. बारा-पंधरा पानांच्या कथेत उगाच आलेलं वाक्य जवळजवळ नसतंच. फुलदाणी आहे असं म्हटलं तर ती फुलदाणी कशासाठी तरी आहे. हे माहीत असूनही चांगल्या कथेत आपण फसतो, आणि फसलो ते कुठे हे दुसऱ्या दिवशी तीच कथा पुन्हा चाळताना सापडतं. ती दहा मिनिटं चुकवू नका. पहिल्या वाचनात उत्तर कळतं, दुसऱ्यात ते आपल्यापासून कसं दूर ठेवलं होतं ते कळतं.

थांबायचं कुठे, असं मला विचारतात. या संग्रहातल्या बहुतेक कथांत ते सोपं आहे, सांगणारा गप्प झाला की थांबायचं. इतर कथांत गुप्तहेराला एकाएकी काहीतरी उमगतं आणि बाकीचे त्याच्याकडे बघत राहतात, ती जागा. तिथे खूण घालून पुस्तक बाजूला ठेवा. चहा टाका, भाजी निवडा, चक्कर मारून या. मग आपला तर्क शब्दांत सांगा किंवा चिठ्ठीवर लिहा. मनातल्या मनात ठेवू नका, कारण मनातला तर्क उत्तर वाचलं की गुपचूप बदलतो आणि आपण म्हणतो, मला वाटलंच होतं. चिठ्ठीवर नुसतं नाव लिहूनही भागत नाही. कशावरून ते लिहा. नाव बरोबर आणि कारण चूक असेल तर ते नशीब. नाव चुकलं, पण योग्य वाक्यावर बोट ठेवलेलं असेल, तर तुम्ही कथा खरी वाचलीत असं मी म्हणेन.

हा खेळ खेळता येतो, कारण त्या काळच्या इंग्रज रहस्यकथाकारांनी वाचकाशी सचोटीने वागायचं बंधन आपणहून घातलेलं होतं. 1930 साली लंडनमध्ये त्यांनी 'डिटेक्शन क्लब' काढला. जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष, आणि 1957 पासून मृत्यूपर्यंत ख्रिस्ती अध्यक्ष होती. गुप्तहेराला मिळालेला धागा वाचकापासून दडवायचा नाही, अचानक सापडलेल्या चोरवाटेने किंवा भुताने कोडं सोडवायचं नाही, असा त्यांचा दंडक. ख्रिस्तीचं ज्ञानही ऐकीव नव्हतं. पहिल्या महायुद्धात तिने टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि मग औषधं तयार करण्याच्या विभागात काम केलं, त्यासाठी परीक्षाही दिली. 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' ही पहिली कादंबरी त्याच दिवसांत सुचली. तिच्या कथांत विष आलं की ते किती, कशात मिसळलं, किती वेळाने बाधलं याचा हिशेब लागतो. तो तुम्हीही लावू शकता.

मात्र सगळ्याच कथांत हा सौदा पाळलेला नाही, हेही सांगायला हवं. 1924 सालच्या 'पॉयरो इन्व्हेस्टिगेट्स' या संग्रहापासून सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बरेचजण पॉयरोच्या प्रेमापोटी नेमकी तिथूनच करतात. त्या कथा तिने ऐन उमेदवारीत लिहिल्या. होम्स आणि वॉटसनची छाया पॉयरो आणि त्याचा सोबती हेस्टिंग्ज यांच्यावर दाट आहे, आणि कितीदा तरी पॉयरो मध्येच कुठेतरी जाऊन येतो, काहीतरी शोधून आणतो आणि ते आपल्याला शेवटीच कळतं. अशा कथेत थांबून विचार करण्यात अर्थ नसतो. त्या काळच्या काही लिखाणात परदेशी माणसांविषयी, चिनी, ज्यू, काळ्या-सावळ्या लोकांविषयी जे सैल शेरे येतात तेही खटकतात. मुलांना वाचून दाखवत असाल तर तिथे थांबून त्याविषयी बोला, गाळून पुढे जाऊ नका.

'थर्टीन प्रॉब्लेम्स' झाल्यावर पॉयरोसाठी 'द लेबर्स ऑफ हर्क्युलीस' घ्या. 1947 सालचा हा संग्रह. निवृत्त व्हायच्या आधी पॉयरो आपल्या नावाला शोभेल अशा बारा कामगिऱ्या घ्यायचं ठरवतो, ग्रीक पुराणातल्या हर्क्युलीसच्या बारा कामांशी जुळणाऱ्या. कोणत्या पुराणकथेचं कोणत्या गुन्ह्यात रूपांतर होतं हे बघण्यात वेगळीच मजा आहे. या कथा क्रमाने वाचा.

आणि एक कथा अशी आहे की तिच्यासाठी माझे वरचे सगळे नियम मोडा. 'फिलोमेल कॉटेज'. 'द लिस्टरडेल मिस्टरी' या 1934 सालच्या संग्रहात ती सापडेल. एकाकी घरात राहणारं नवं लग्न झालेलं जोडपं. बायकोला नवऱ्याची खिशातली डायरी सापडते. सहज चाळताना तिला दिसतं की येत्या एका तारखेपुढे त्याच्या अक्षरात फक्त वेळ लिहिली आहे, रात्री नऊ. कशाची वेळ, ते नाही. इथे खुनी कोण हा प्रश्नच नाही, प्रश्न घड्याळाचा आहे. ही कथा मध्ये थांबवू नका, चहालाही उठू नका. फक्त घरात आणखी कुणी जागं असेल तेव्हा वाचा.

सिनेमा-नाटक पाहिलंय, आता कथा कशाला, असं 'द विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन'बद्दल ऐकू येतं. ही मूळ कथा 1925 सालची. 1953 साली ख्रिस्तीने स्वतः तिचं नाटक केलं तेव्हा शेवट कथेच्या पुढे नेला, आणि 1957 साली बिली वाइल्डरचा सिनेमा नाटकावरून निघाला. म्हणजे सिनेमा पाहिलेल्यांनी कथेचा शेवट पाहिलेलाच नाही. माझ्या मते कथेचा शेवट अधिक थंड, अधिक खरा आहे. एका वाक्यावर ती संपते आणि आपण पान उलटून बघतो, पुढे काही आहे का.

इंग्रजीची भीती वाटते म्हणून लांब राहू नका. अभिनेते आणि नाटककार मधुकर तोरडमल यांनी ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या वाचनालयांत अजून मिळतात. पण कथांसाठी मूळ पुस्तकाला हात घाला असंच मी म्हणेन. तिची वाक्यं लहान, निम्मं लिखाण संवादांत, आणि शब्द रोजच्या वापरातले. दहावीपर्यंतचं इंग्रजी आणि शेजारी शब्दकोश एवढ्यावर भागतं. शिवाय काही कथांचा सगळा पेच एका इंग्रजी शब्दाच्या दोन अर्थांवर उभा असतो. आईला सांगताना मला तसा शब्द मराठीत करता आला नाही. मी तो तसाच ठेवला आणि पुढे गेले. तुम्हीही असा शब्द आला की घाईने मराठी करू नका, तो जसाच्या तसा कानावर पडू द्या.

आपल्याकडे रहस्यकथेला अजून थोडं खालच्या पंगतीत बसवतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी पिढ्या वाचायला शिकवल्या, तरी ती पुस्तकं अभ्यासाच्या वहीखाली लपवून वाचायची असत. त्यामुळे भराभर वाचून संपवायचं, पकडले जायच्या आत, अशी सवय आमच्या हाडीमासी खिळली. आता कुणी पकडणार नाही. निवांत वाचा.

आणि शेवट सांगू नका. ही माझी हात जोडून विनंती आहे. 'द माउसट्रॅप' हे ख्रिस्तीचं नाटक 25 नोव्हेंबर 1952 पासून लंडनमध्ये चालू आहे. 2020 साली करोनामुळे खंड पडला तेवढाच. प्रयोग संपला की प्रेक्षकांना सांगतात, खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका, आणि लोक सत्तर वर्षं ऐकत आले आहेत. हे नाटक मुळात राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी 1947 साली लिहिलेल्या छोट्या नभोनाट्यातून आलं, त्याचीच पुढे कथा झाली. नाटक चालू असेपर्यंत ती कथा ब्रिटनमध्ये पुस्तकात येऊ द्यायची नाही, हे ख्रिस्तीने पाळलं. एका गुपितासाठी एवढं जपणं.

याउलट मी एका वाचनालयातून ख्रिस्तीचं पुस्तक आणलं होतं, त्यात एका पात्राच्या पहिल्याच उल्लेखाशी कुणीतरी पेन्सिलीने बाण काढून 'हाच' असं लिहून ठेवलं होतं. लिहिणाऱ्याला त्यात काय मिळालं असेल कोण जाणे. मी खोडरबर घेऊन ते पुसलं, पण कागदावर दाब राहिलाच, आणि माझ्या डोक्यातही. रहस्यकथा वाचकाला पहिल्यांदा एकदाच वाचता येते. ती एकदा हिरावून घेतली की लेखिकेलाही परत देता येत नाही. वाचनालयाच्या प्रतीत असं काही दिसलं तर पुसून परत करा. ओळखीत कुणी वाचत असेल तर कितव्या पानावर आहात एवढंच विचारा.

आई आणि मी त्या पावसाळ्यात रोज एक कथा या हिशेबाने पुस्तक वाचत गेलो. 'द ब्लू जेरेनियम' या कथेत आजारी बाईच्या खोलीत भिंतीच्या कागदावरचं फूल रात्रीत निळं होतं. त्या रात्री आई दोनदा उठून दिवा लावून बसली, पण उरलेली चार पानं वाच असं म्हणाली नाही. नियम तिचाच होता आता. माझी वहिनी दोन दिवसांसाठी आली होती, तीही बसली आणि तिने आईला दोन कथांत हरवलं. आईने ते मनाला लावून घेतलं.

तेरावी कथा वेगळ्या घडणीची आहे. 'डेथ बाय ड्राउनिंग'. गावातली एक तरुण मुलगी नदीत बुडून मरते. मिस मार्पल सर हेन्रींना गाठतात. हा खून आहे, कुणी केला ते मला माहीत आहे, पण पुरावा नाही, असं त्या सांगतात, आणि एका कागदावर नाव लिहून त्यांच्या हातात देतात. सर हेन्री ते वाचतात. आपल्याला मात्र कळत नाही. पुढची सगळी कथा त्या घडी घातलेल्या कागदाच्या सोबतीने वाचायची.

मी तिथवर वाचून श्वास घ्यायला थांबले. आईने काळा चष्मा काढला, माझ्याकडून पेन आणि वाणसामानाच्या यादीचा कोरा तुकडा मागून घेतला. एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं, तरी हात आडवा धरून सावकाश नाव लिहिलं, मला दाखवलं नाही. कागदाची बारीक घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवली आणि डबी मिटली.

"हं," ती म्हणाली, "आता वाच."